गजालीतलं खरं किती, मत किती : वाक्य पारखायची रीत

बंदरावरच्या टपरीवर संध्याकाळी चहासोबत ज्या गजाली, म्हणजे गप्पा, होतात, त्यांचे ‘खरं’ आणि ‘मत’ असे दोन ढीग करायला घेतले की लगेच अडायला होतं. ‘बांगड्यापेक्षा तारलीच चवीला सरस’ हे मत. ज्याला भांडायचं त्याने खुशाल भांडावं. ‘आज पूर्ण भरती तीनला’ हे घड्याळ घेऊन जेटीवर उभं राहिलं की ठरतं. पण ‘मासळी कमी झाली ती एलईडीवाल्यांमुळे’, म्हणजे रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटींमुळे, हे कुठल्या ढिगात टाकणार? बोलणारा म्हणेल, माझं मत आहे. मत कसलं? समुद्रात काय घडलं ह्याबद्दलचं ते विधान आहे. ते खरं तरी असेल नाहीतर खोटं तरी. फक्त अजून कोणी तपासलेलं नाही.

म्हणून ढीग तीन करायचे. एक, आवडनिवड आणि काय असावं, काय नसावं ह्याबद्दलची मतं. दुसरा, तपासून पक्कं झालेलं. तिसरा, तपासता येईल पण तपासलेलं नाही असं. गजालीतला बहुतेक माल तिसऱ्या ढिगातला असतो, आणि ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून तो पहिल्या ढिगात सरकवला जातो. तिथेच सगळं फसतं. मताला पुरावा मागायचा नसतो असा समज असल्यामुळे ‘मत’ हा शब्द उच्चारला की माणूस जाब द्यायचा सुटतो.

वाक्य कुठल्या ढिगातलं हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: कोणाला काहीही वाटलं तरी हे वाक्य खरं किंवा खोटं ठरेल का? तारलीची चव खाणाऱ्याच्या जिभेबाहेर कुठे ठरत नाही. मासळी कशामुळे कमी झाली ते मात्र आपल्या वाटण्यावर अवलंबून नाही.

आधी वाक्य फोडा

बोललेलं वाक्य तसंच्या तसं कागदावर उतरवा. मनातल्या मनात करू नका. मनात वाक्य आपल्या सोयीने बदलतं. मग त्यात किती विधानं दडली आहेत ती मोजा.

‘काल रात्री शेजारच्या बंदरातली एलईडी बोट आपल्या हद्दीत येऊन मासे मारून गेली.’ ऐकायला एक वाक्य. आत काय काय आहे बघा. रात्री समुद्रात झगझगीत उजेड दिसला, एवढंच डोळ्यांनी पाहिलेलं. तो उजेड मासे गोळा करायला लावलेल्या दिव्यांचा होता, हा काढलेला निष्कर्ष. मोठ्या जहाजाच्या डेकवरचे दिवेही लांबून तसेच दिसू शकतात. ती आपल्या हद्दीत होती, हाही निष्कर्ष, आणि कच्चा, कारण अंधारात पाण्यावरच्या दिव्याचं अंतर नुसत्या नजरेने सांगणं फार कठीण. ती शेजारच्या बंदरातली होती, हा संशय; त्यामागे जुनं भांडण असण्याची शक्यता दिव्याच्या उजेडाइतकीच ठळक. चार विधानं, चार वेगळ्या ताकदीची. सांगणारा मात्र चारही एकाच जोराने सांगतो, आणि पहिलं खरं म्हणून ऐकणारा उरलेली तीनही गिळतो.

फोडताना सैल शब्दही घट्ट करून घ्या. आंब्याच्या हंगामात ‘हा केमिकलने पिकवलेला’ असं सर्रास म्हणतात. कॅल्शियम कार्बाईडने फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे; इथिलीन वायूने पिकवायला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. कुठल्या केमिकलबद्दल बोलतोय ते ठरलं नाही, तर एक जण गुन्ह्याबद्दल बोलतो, दुसरा नियमात बसणाऱ्या कामाबद्दल, आणि दोघं तासभर वाद घालून घरी जातात.

मग विचारा: हे कळलं कशाने?

ह्या प्रश्नावर आपल्याकडे दोन हजार वर्षं काम झालंय, ते वापरा. कळण्याच्या साधनाला न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, ‘प्रमाण’ म्हणतं आणि चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (खुणेवरून काढलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं). चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानलं, बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन, कुमारिलभट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी सहा. किती मानायची हा भाग सोडा. फोडलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे त्याचं प्रमाण लिहायचं, एवढं शिस्तीने केलं तरी गावातली निम्मी भांडणं कागदावरच विरघळतील.

प्रत्यक्षाचं काम सोपं वाटतं, म्हणून तिथे माणूस बेसावध असतो. न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमांच्या सूत्रात प्रत्यक्षावर अटी आहेत: ते चुकीचं नसावं, आणि ‘हे की ते’ अशा संशयातलं नसावं. संध्याकाळी सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) लांब उभा दिसतो तो माणूस की खुंट, हा शास्त्रातला नेहमीचा दाखला. व्यवहारात चार गोष्टी विचारायच्या: किती लांबून, किती उजेडात, किती वेळ, आणि पाहण्याआधी काय अपेक्षा होती. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तोच महत्त्वाचा.

अनुमानाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण कोकणात त्याचा एक उत्तम नमुना घरोघरी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आजोबांनी सांगितलं म्हणून हे खरं मानणं हा शब्दाचा विश्वास झाला. तो तपासायचा कसा?

पहिली पायरी, नियमातूनच पुढे काय निघतं ते काढा. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पाऊणपट केली की सव्वाअकरा येतात. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे पाऊण, अर्थात पावणेएक. एका दिवसात दीड तासाची उडी! एरवी हाच नियम भरतीला रोज पाऊण तासच पुढे ढकलतो. चंद्र त्या एकाच रात्री धावत सुटत नाही, तेव्हा नियमात कुठेतरी चूक साठतेय हे जेटीवर न जाताच कळलं.

दुसरी पायरी, नियम का चालतो ते शोधा. भरती चंद्रामागे चालते आणि दर दिवशी सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. दर तिथीला थोडं थोडं मागे पडत पक्षाच्या अखेरीस पाऊणएक तासाची तूट होते, ती प्रतिपदेला एकदम भरून निघते. शिवाय ५० मिनिटं ही सरासरी. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत अंतर कमी, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत जास्त. किनारा बदलला की मूळ वेळही सरकते.

तिसरी पायरी, बाहेरच्या मोजमापाशी ताडून बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. आपल्या जवळच्या बंदराचं कोष्टक घ्या, एका पूर्ण पक्षाच्या, म्हणजे पंधरा तिथींच्या वेळा एका रकान्यात आणि पाऊणपटीच्या वेळा दुसऱ्यात मांडा, फरक मिनिटांत लिहा. फरक पक्षभर एकाच बाजूला आणि जवळपास तेवढाच राहत असेल तर तो तुमच्या किनाऱ्याचा. वाढत जात असेल तर नियमाचा.

आता नियम खरा की खोटा? ‘खाडीत होडी घालायला पुरेसा, चुकला तर तासाभराने, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जास्त’ हे उत्तर नुसत्या खरं-खोट्यापेक्षा उपयोगी आहे. बहुतेक पक्क्या गोष्टी अशाच हद्दीसकट पक्क्या असतात. हद्द न सांगता ‘जुन्या लोकांचं ज्ञान’ म्हणून डोक्यावर घेणारा आणि ‘अंधश्रद्धा’ म्हणून उडवून लावणारा, दोघांनीही पाऊणपट करून पाहिलेली नसते.

कारण सांगितलं की दुप्पट सावध

‘अमुकमुळे तमुक झालं’ ही वाक्यं सगळ्यांत जास्त बोलली जातात आणि सगळ्यांत कमी तपासली जातात. मासळीचंच घ्या.

आधी ‘कमी झाली’ हेच तपासा. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी राज्यवार आवकेचे आकडे काढते. ते निवडक बंदरांवर नमुने मोजून काढलेले अंदाज असतात, आणि ते किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचे असतात. समुद्रात किती आहे त्याचे नव्हेत. आवक प्रयत्नावर अवलंबून असते. समजा एका वर्षी १० होड्यांनी प्रत्येकी १० तास जाळी टाकून १,००० किलो मासळी आणली: होडीमागे तासाला १० किलो. पुढे २० होड्यांनी १५ तास खपून १,५०० किलो आणली: होडीमागे तासाला ५ किलो. बाजारवाला म्हणेल आवक दीडपट झाली, तांडेल (होडीवरचा म्होरक्या) म्हणेल मासळी निम्मी झाली. दोघंही खरं बोलतायत. तेव्हा होड्या, तास आणि जमल्यास जाळलेलं डिझेल ह्यांची नोंद नसेल तर ‘मासळी कमी झाली’ हे वाक्य तिसऱ्या ढिगातच ठेवा.

मग कारणाकडे वळा. न्यायात ह्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: कारण आहे तिथे कार्य दिसतं का, आणि कारण नाही तिथे कार्यही नाही असं दिसतं का. माणसं पहिला अर्धा भाग करून थांबतात. एलईडी आणि पर्ससीन (मासळीच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) जिथे फिरतं तिथे मासळी घटली, हे सांगणारे शंभर भेटतील. जिथे फिरत नाही तिथे घटली का, हे विचारायला कोणी जात नाही. तिथेही तितकीच घटली असेल तर कारण आणखी कुठे तरी शोधावं लागेल.

शिवाय ‘उपाधी’ शोधा, म्हणजे जिच्या जोरावर नियम खरा वाटतो ती लपलेली अट. शास्त्रातला दाखला असा: अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं कोणी म्हणालं तर ते चूक, कारण धुराला ओलं सरपण लागतं, तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. मासळीच्या बाबतीत ओल्या सरपणाच्या जागी काय काय असू शकतं? बारीक आसाची (भोकांची) जाळी आणि त्यात जाणारी पिल्लं, तळ खरवडणारं ट्रॉलिंग, पाण्याचं तापमान, खाडीत येणारं सांडपाणी. तारलीचं तर विशेष आहे: यांत्रिक होड्या येण्याआधीही पश्चिम किनाऱ्यावर तिची आवक काही वर्षं कोसळल्याच्या नोंदी आहेत. एलईडीला निर्दोष ठरवायला हे सांगत नाही. त्याचा वाटा असेलही, पण ‘वाटा आहे’ आणि ‘त्याच्याचमुळे’ ह्या दोन वाक्यांना लागणारा पुरावा फार वेगळा.

इथेच एक सोय होते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, हे दुसऱ्या ढिगातलं विधान. ती बंदी पाळली जावी ही मागणी करायला मासळी नेमकी किती टक्के कोणामुळे घटली हे सिद्ध करावं लागत नाही. ज्याचा पुरावा हातात नाही ते ओढून मागणीत घातलं की समोरचा नेमकं तेवढंच धरतो आणि अख्खी मागणी उडवतो.

कोणाचा शब्द मानायचा

सगळं स्वतः तपासणं अशक्य, म्हणून शब्दप्रमाण. न्यायसूत्रांत ते ‘आप्ता’चं सांगणं असतं. आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनांचा अर्थ असा की ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. पुढे ते म्हणतात, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू. वय, जात, पदवी, पद ह्यांचा त्यात उल्लेख नाही, हे वडीलधाऱ्यांच्या बैठकीत आठवायला बरं असतं.

म्हणजे विचारायचं दोनच: ह्याला थेट माहीत आहे का, आणि सरळ सांगण्यात ह्याचं नुकसान आहे का. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलंय. फळ हापूस जातीचं आहे का, हे जाणकार वासावरून, सालीवरून, कापून बऱ्यापैकी सांगेल. ते देवगडात पिकलं का, हे शहरातल्या विक्रेत्याला बहुधा स्वतःला माहीत नसतं, आणि ‘हो’ म्हणण्यात त्याचा फायदा असतो. दोन्ही अटींवर तो नापास. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ह्याच गाळलेल्या जागेसाठी. नोंदणीकृत बागायतदाराचं नाव-क्रमांक पेटीवर असेल तर विचारायला निदान दार मिळतं. आणि देवगड गोड की रत्नागिरी? तो पहिला ढीग. तिथे पुरावा मागणाऱ्यालाच हसावं.

फोनवर आलेल्या वादळाच्या निरोपाला हीच रीत. मूळ सांगणारा सापडेपर्यंत मागे जा; सापडला नाही तर तो निरोप म्हणजे कोणाचाच शब्द नव्हे, पुढे ढकलणारे दोनशे असले तरी. व्हिडिओ असेल तर कधीचा, कुठला ते बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. अशी जुनी दृश्यं नव्या पावसात पुन्हा फिरवणं काही कठीण नाही. हवामान खात्याच्या पत्रकावर तारीख आणि वेळ असते. ती जुळली तरच पुढचं वाचा. जीव वाचवायचा प्रश्न असेल तर मात्र उलट क्रम: आधी होड्या वर ओढा, मग तपासा. खोट्या इशाऱ्याने दिवस वाया जाईल; खऱ्याकडे दुर्लक्ष झालं तर माणसं जातील.

‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’?

कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ (न सापडणं) हे प्रमाण मानतात, पण अट घालून: ती गोष्ट असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. विहिरीचं पाणी ‘तपासलंय, चांगलं आहे’ असं सांगतात तेव्हा विचारा, काय तपासलं? हायड्रोजन सल्फाइड तपासणीची छोटी बाटली पाणी भरून ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत काळी पडली तर मैलामिश्रणाची शंका. काळी पडली नाही म्हणून पाण्यात खारेपणा नाही असं होत नाही, ती बाटली मीठ बघतच नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीला क्लोराइडची वेगळी तपासणी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २५० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १,०००. जाळ्याच्या आसापेक्षा बारीक मासळी त्या जाळ्यात येणारच नाही.

काही प्रश्न तिसऱ्या ढिगात वर्षानुवर्षं राहतात, आणि राहू द्यावेत. सड्यावरची कातळशिल्पं कोणी आणि कशासाठी कोरली हे ठरलेलं नाही. पांडवांनी, असं गाव म्हणतं. काही ठिकाणी गेंड्यासारखा प्राणी कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा नाही, म्हणून कोरणाऱ्याने तो इथे पाहिला असणार, असा तर्क करतात. ही अर्थापत्ती, म्हणजे दिसतंय त्याचा उलगडा दुसऱ्या कशाने होत नाही म्हणून मानलेली गोष्ट. ती पटायला दुसरी कुठलीच वाट शिल्लक असता कामा नये. इथे आहे: कोरणारा लांबून आलेला असेल, किंवा त्याने ऐकून कोरलं असेल. तर्क बरा, शिक्कामोर्तब नको.

‘हवं-नको’च्या वाक्यांचं काय

जैतापूर अणुप्रकल्पाचा मूळ आराखडा ९,९०० मेगावॅटचा, १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा होता: हे कागदावर बघता येतं. बाहेर सोडलेल्या कोमट पाण्याने मासळीवर परिणाम होईल: हे भविष्याबद्दलचं विधान, किती अंशांनी कोमट, कुठे, किती खोलीवर हे सांगितलं तर तपासाला येतं. प्रकल्प यावा, किंवा येऊ नये: हे मत. पहिल्या दोहोंतून तिसरं आपोआप निघत नाही. काय आहे त्यावरून काय असावं ह्यावर उडी मारता येत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये दाखवलं. मध्ये कुठेतरी आपण एक मूल्य घालतो, रोजगार मोठा की खाडी मोठी. ते उघडपणे बोला.

पण मत आहे म्हणून ते मोकाट सुटत नाही. ते ज्या माहितीवर उभं आहे ती खरी आहे का, आणि तोच नियम स्वतःवर आला तरी माणूस धरून राहील का, हे बघता येतं. ‘बाहेरच्यांना जमिनी विकू नयेत’ हे मत हिरिरीने मांडणाऱ्याला त्याच्याच कातळाचा भाव विचारून बघा. मत चूक ठरत नाही, वजन कळतं.

इथे कोणीतरी हमखास अनेकान्तवाद काढतो: आपापल्या परीने सगळेच बरोबर. जैन तार्किकांनी असं म्हटलेलं नाही. त्यांचा ‘स्यात्’ म्हणजे अमुक दृष्टीने, आणि ती दृष्टी सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर. दृष्टी सांगितली की वाक्य तपासण्याजोगं होतं. वरचा बाजारवाला आणि तांडेल दोघं खरे ठरले ते एकाने एकूण आवक आणि दुसऱ्याने होडीमागची आवक असं म्हटल्यामुळे.

ग्रामसभेत उभं राहायचं असेल तर

न्यायसूत्रांत चर्चा तीन प्रकारची: सत्य शोधायला केलेला वाद, जिंकायला केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं मोडणं ती वितंडा. कुठली चाललीय ते ओळखायला समोरच्याला शांतपणे विचारा, ‘भाऊ, काय दिसलं तर तुम्ही हे म्हणणं सोडाल?’ उत्तर मिळालं तर वाद चाललाय, ते लिहून घ्या. ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं उत्तर आलं तर पुरावे काढत बसू नका, ते वाक्य पहिल्या ढिगातलं आहे किंवा माणूस जल्पात आहे. हाच प्रश्न आधी स्वतःला विचारलेला असावा. नाहीतर तो नुसता पेच होतो.

त्याचं म्हणणं खोडण्याआधी ते आपल्या तोंडाने मांडा, तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. ह्या पूर्वपक्षाला पाच मिनिटं जातात आणि पुढचा तास वाचतो. वडीलधारा माणूस असेल तर ‘हे खोटं आहे’ ऐवजी ‘काका, हे तुम्ही स्वतः बघितलंत की कोणाकडून कळलं?’ असं विचारावं. उत्तर काहीही आलं तरी प्रमाण कुठलं ते कळतं आणि काकांचा मान राहतो.

ठराव लिहिताना तीन ढीग तीन परिच्छेदांत ठेवायला सांगा: काय पक्कं आहे आणि कशावरून, काय तपासायचं आहे, कोण तपासणार, कुठल्या तारखेपर्यंत, आणि सभेला काय हवं आहे. ग्रामसेवक कुरकुरेल, कारण मधला परिच्छेद लिहायची कोणाला सवय नसते. तोच आग्रहाने लिहून घ्या, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला टाका.